घरच्या बाईला घेऊन या

अण्णा,

एक हवालदार आपल्या सोसायटीत येऊन माझी चौकशी करून गेला. मी घरातच होते, पण चौकशी माझ्याबद्दलची असल्यामुळे ती मला सोडून बाकी सगळ्यांकडे झाली. तुमच्याशी पाण्याच्या टाकीवरून भांडायचे ते सेक्रेटरी आता अध्यक्ष झालेत. त्यांनी जिन्याखाली खुर्ची टाकून साक्ष दिली आणि मी वरून कठड्याला टेकून ऐकत होते. हवालदार म्हणाला, "या बाईंना बंदुका विकायचं लायसन्स पाहिजे. माणूस म्हणून कशा आहेत?" अध्यक्षांनी बराच विचार केला. "माणूस म्हणून उत्तम. मेंटेनन्स वेळेवर भरतात. गाडी मात्र रेषेच्या बाहेर लावतात." "भांडखोर आहेत का?" "छे हो. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, एकदाचा निकाल लागला असता. आपण बोलतो, त्या हो हो म्हणतात, आणि गाडी तिथंच." "मग लायसन्स द्यायला तुमची हरकत?" "माझी कसली हरकत? आधी वडिलांकडे होतं, मग आईकडे. इतकी वर्षं आमच्या डोक्यावर बंदूकवाले राहतात, पण दिवाळीत यांच्या घरातून साधी टिकली वाजलेली ऐकली नाही." हवालदाराने यातलं किती लिहून घेतलं ते मला माहीत नाही. जाताना त्याने माझी गाडी मात्र नीट पाहिली.

हे सगळं कशासाठी, तर आपलं कॅम्पातलं दुकान. तुम्ही गेल्यावर आईने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि इतकी वर्षं काउंटर सांभाळला. आता तिला समोरचं गिऱ्हाईक आणि भिंतीवरचं कॅलेंडर यांतला फरक दुपारनंतर नीट कळत नाही. परवान्याची मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आता तुझं नाव घाल." मी नुकतीच विमा कंपनीतली नोकरी सोडून घरी बसले होते, म्हणजे तिच्या मते रिकामीच होते. मी म्हटलं, बंद करून टाकू की. तिने गाळणं तसंच भांड्यावर धरून ठेवलं. "तुझे वडील बंद करणार होते तेव्हासुद्धा मी काय म्हणाले होते, आठव," एवढंच बोलली आणि कपात साखर घालायला विसरली. तिचं बोलणं मला आठवत होतं. तो सगळा रविवारच आठवत होता.

त्या दिवशी आपण तिघं विहारातून आलोय. तुम्ही पांढऱ्या शर्टात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे, आणि तुमचं तोंड असं उतरलेलं की आई आधी विचारते, "स्कूटर पंक्चर झाली का?" भन्तेंनी त्या दिवशी सम्यक आजीविकेवर प्रवचन दिलेलं असतं. उपासकाने कोणते धंदे करू नयेत ते सांगितलेलं असतं. मद्य विकू नये, विष विकू नये, मांस विकू नये, प्राणी विकू नयेत, आणि या सगळ्यांच्या आधी, अगदी पहिल्या नंबराला, शस्त्रं. तुम्ही फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला, निवृत्तीनंतर तेवढीच एक विद्या अंगात, म्हणून हे दुकान टाकलेलं. प्रवचन संपल्यावर तुम्ही भन्तेंना बाजूला गाठून विचारलंत, "दुरुस्ती चालते का?" भन्ते म्हणाले, "तुम्ही दुरुस्त केली की ती चालते का?" तुम्ही अभिमानाने म्हणालात, "चालते म्हणजे? नवीसारखी!" भन्ते हसले आणि म्हणाले, "मग विचार तुम्हीच करा." तो विचार घेऊन तुम्ही दारात उभे होतात आणि आईची भाकरी तव्यावर करपत होती.

तुम्ही म्हणालात, बंद करतो. आईने भाकरी उलटली. "करा. पण गिऱ्हाईक काय मग विहारात जाऊन बसणार आहे? ते पलीकडच्या दुकानात जाईल. तिथं त्याला कोणी विचारणार आहे का, बाबा रे, तुझ्या घरी कोण कोण असतं? तुझ्या घरच्या बाईला माहीत आहे का तू काय आणतोयस?" तुम्ही जेवलात, हात धुतलेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातली आईची खुर्ची, ती लाल गादीची, जिच्यावर बसून ती भाजी निवडायची, स्कूटरला दोरीने बांधून दुकानात घेऊन गेलात. आईला विचारलं नाहीत. ती पुढे कित्येक वर्षं पाटावर बसून भाजी निवडायची आणि गुडघा दुखला की म्हणायची, "माझी खुर्ची धर्मकार्याला गेली."

त्या दिवसापासून तुमचा तो नियम सुरू झाला. कायद्याने गिऱ्हाईकाकडे पोलिसांचा परवाना असला की आपण विकायला मोकळे. तुम्ही तो परवाना उजेडात धरून वाचायचा, घडी करून परत द्यायचा आणि म्हणायचं, "कागद बरोबर आहे. आता घरच्या बाईला घेऊन या." बायको, आई, बहीण, कोणीही चालेल, पण त्याच छपराखाली राहणारी पाहिजे. माणसं हसायची, मग चिडायची. एकाने तर विचारलं, "बंदूक घ्यायला आलोय की लग्न जमवायला?" तुम्ही म्हणालात, "लग्न मोडता येतं हो. हिचं तसं नसतं." बहुतेक जण परत यायचेच नाहीत. त्यामुळे आपलं दुकान विक्रीवर कधी चाललंच नाही. बँकांच्या राखणदारांच्या बंदुका साफ करायच्या, नेमबाजी शिकणाऱ्या पोरांना छर्रे द्यायचे, बंदुकांचे जुने लाकडी दस्ते बदलायचे, दुपारी कुलूप लावून झोपायचं.

जे परत यायचे त्यांची मात्र मजा असायची. शाळा सुटल्यावर मी दुकानात बसायचे म्हणून मला ते बघायला मिळालं. लोहगावकडचा एक गडी मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, "मला पिस्तूल पायजे, लायसन हाय," असं दारातूनच ओरडत आलेला. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. म्हातारी लाल खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्येला? काल ह्यो गाडीची किल्ली फ्रीजमधी ठिवून गावभर हुडकत हुता. ह्यो पिस्तूल कुठं ठिवंल?" गडी म्हणाला, "आये, गप की." तुम्ही अगदी गंभीरपणे तुमचा ठरलेला प्रश्न विचारलात, "घरात राग कोणाला जास्त येतो?" म्हातारी खळखळून हसली. "मला! पर मला राग आला की मी गोधड्या धुती. आमच्या घरात मळकी गोधडी सापडायची न्हाई." तुम्ही पिस्तूल पुन्हा कपाटात ठेवलंत. गडी पाय आपटत गेला, पण म्हातारी पुढे दर हिवाळ्यात ओल्या हरभऱ्याची पेंढी पाठवत राहिली.

तुम्ही कधी विकलीच नाही असंही नाही. वेल्ह्याकडचं एक जोडपं आलं होतं, पिकाच्या राखणीचा परवाना घेऊन. नवरा काही बोलायच्या आत बाईच बोलायला लागली. "द्या हो, रानडुकरं भुईमुगाची एक शेंग ठेवत नाहीत. आवाज काढला तरी पळतात. आणि चालवणार मी, यांना दिसतंय कुठे?" नवरा म्हणाला, "दिसतंय मला." ती म्हणाली, "मग सकाळी उलटा सदरा कोणी घातला?" तुम्ही त्यांना बंदूक दिलीत, नळी साफ करायची दोरी वर दिलीत आणि चहा पाजलात. त्या दिवशी तुम्ही घरी येताना शीळ वाजवत होतात.

आणि एक दिवस असा की ज्या दिवशी तुम्ही मला रागावलात. चांगले कपडे घातलेला, मऊ बोलणारा गृहस्थ आला होता. नियम सांगितल्यावर रागावला नाही, उलट "फार छान पद्धत आहे तुमची," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. बाईंनी प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं. माहीत आहे का? हो. चालेल का? हो. तुम्ही परवाना परत दिलात आणि म्हणालात, "देणार नाही." त्याचा मऊ आवाज क्षणात गेला. तो जे काही बोलला ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही तेवढा वेळ चष्मा पुसत उभे होतात आणि तो दमला तेव्हा पुन्हा तेच म्हणालात, "देणार नाही." ते गेल्यावर मी म्हटलं, "पण अण्णा, त्या तर हो म्हणत होत्या." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "हो म्हणत होत्या, पण कुणाकडे बघून? तुझं लक्ष कुठे होतं?" मी रडवेली झाले. मग तुम्हीच मला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे मस्कापाव खायला नेलंत.

तर अण्णा, माझ्या अर्जाची गोष्ट. परवान्यासाठी हत्यार हाताळता येतं असा दाखला लागतो. बंदूकवाल्याची मुलगी असून मी आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती, कारण तुम्ही कधी झाडू दिली नाही. प्रशिक्षण देणारे गृहस्थ सदाशिव पेठेतले असावेत, कारण ते पहिल्या दिवशी म्हणाले, "डोळे उघडे ठेवले तर जास्त बरं पडेल." मी डोळे उघडे ठेवले. गोळी निशाणाची पाटी सोडून मागच्या भिंतीत गेली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, भिंत त्यासाठीच बांधली आहे. आणि तुम्हाला कुठे मारायच्या आहेत? तुम्हाला विकायच्या आहेत." दाखला मात्र त्यांनी मला नीट शिकवल्यावरच दिला, त्यात सूट नाही.

खरी अडचण पुढे, मुलाखतीत आली. साहेबांच्या जागी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, समोर आपल्या दुकानाची जाडजूड फाईल. त्या पानं उलटत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. मला वाटलं, काहीतरी जास्त निघालं. निघालं होतं कमी. "दुकान किती जुनं आहे हे! आणि विक्री? वर्षच्या वर्ष कोरी आहेत. मॅडम, खरं सांगा, त्या दुकानात तुम्ही नक्की करता काय?" चोरून विकणाऱ्याला काय काय विचारतात ते मी ऐकून होते, पण न विकणाऱ्यावरही संशय येतो हे आपल्या घरात कधी कोणाला सुचलंच नव्हतं. तुम्ही आणि आईने इतक्या प्रामाणिकपणे गिऱ्हाइकं घालवली की सरकारदरबारी ते एखाद्या काळ्या धंद्यासारखं दिसायला लागलं. मी त्यांना सगळं सांगितलं, भन्ते, खुर्ची, गोधड्या, सगळं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "थांबा, मला समजू द्या. म्हणजे तुम्हाला बंदुका न विकण्यासाठी बंदुका विकण्याचं लायसन्स हवंय?"

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार होते? अध्यक्ष म्हणतात ते खोटं नाही, माझ्या तोंडून हो फार पटकन निघतं. बाईंनी फाईल मिटली. मला वाटलं, संपलं सगळं, आता कपाटाला सील आणि खुर्ची भंगारात. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त वाईट वाटलं, अण्णा. चहा पिताना बंद करून टाकू म्हणणारी मीच, आणि तिथे बसल्या बसल्या मला रडू यायला लागलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचाच नियम आहे ना? मग पुढच्या सोमवारी घरच्या बाईला घेऊन या."

आईने विहारात जायची पांढरी साडी नेसली, केसांना तेल लावलं आणि रिक्षात बसल्या बसल्या मला बजावलं, "मी खरं काय ते सांगणार. आपल्या दुकानात बाईने खोटं बोलायचं नसतं." मी म्हटलं, हे आपलं दुकान नाही, पोलीस आयुक्तांची कचेरी आहे. ती म्हणाली, "खुर्ची तर देतील ना?" त्यांनी खुर्ची दिली. बाईंनी विचारलं, "आई, मुलीला राग येतो का?" आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "राग? हिला? दारावर झाडू विकायला येतो त्याला नको म्हणवत नाही हिला. घरात कोपऱ्या-कोपऱ्यात झाडू उभे आहेत. विम्याच्या कंपनीत हिने लोकांना विमे विकले त्यापेक्षा लोकांनी हिला जास्त वस्तू विकल्या. बाकी गुणी आहे. नाही म्हणता येत नाही, तेवढाच एक दोष." बाई म्हणाल्या, "आई, जिला नाही म्हणता येत नाही, तिला मी बंदुकीच्या दुकानात बसवू?" आई म्हणाली, "तेच तर मला रोज झोपताना वाटतं." मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "आई म्हणते ते खरं आहे. पण मी अण्णांना नाही म्हणताना पाहिलंय. कसं म्हणायचं ते मला माहीत आहे, स्वतः अजून म्हणालेली नाही एवढंच." आई हळूच म्हणाली, "आणि खुर्ची आहेच." मग बाईंनी विक्री का होत नाही याचा लेखी खुलासा माझ्याकडून घेतला, दुकानाची तपासणी करवली, बरेच हेलपाटे घालायला लावले आणि परवाना दिला. हातात देताना म्हणाल्या, "पहिलं गिऱ्हाईक आलं की मला फोन करायचा. हो म्हणालात की नाही म्हणालात, मला ऐकायचंय."

ते गिऱ्हाईक काल परत आलं होतं. परवा एकटा आला, परवाना दाखवला, मी तुमच्यासारखाच तो उजेडात धरला आणि तुमचं वाक्य म्हटलं. काल तो बायकोला घेऊन आला. मी तिला लाल खुर्ची दिली, चहा मागवला. विचारलं, "घरात राग कोणाला जास्त येतो?" तुम्ही असताना या प्रश्नाला बायका हसायच्या, भांडायच्या, नवऱ्याच्या चुका मोजायच्या. ही हसली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांग की." मग ती म्हणाली, "कोणालाच नाही." मी विचारलं, बंदूक घरात कुठे ठेवाल, किल्ली कोणाकडे राहील? तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "ह्यांच्याकडे. सगळ्याच किल्ल्या ह्यांच्याकडे असतात." चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता. माझं लक्ष होतं, अण्णा. या वेळी माझं लक्ष होतं.

आणि आता म्हणायचं. दोनच शब्द, देणार नाही. ते माझ्या दातांपर्यंत आले. समोर तो उभा, परवाना खरा, सही खरी, आणि मी एकटी. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "शिल्लक नाही." तो म्हणाला, "ती काय मागे कपाटात दिसतेय?" मी म्हटलं, "ती दुरुस्तीला आलीय. दुसऱ्यांची आहे." "मग नवी कधी येणार?" "सांगता येत नाही, वरूनच माल येत नाही." एकामागून एक, अण्णा, झाडूवाल्यालाही लाज वाटेल अशा सफाईने मी बोलत गेले. तो काही बोलणार तेवढ्यात ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "असू दे. आम्हाला घाई नाही." हे मात्र ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. चहा तिने पूर्ण संपवला होता.

ते गेल्यावर मी लगेच बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काय, हो की नाही?" मी म्हटलं, "शिल्लक नाही म्हटलं." "होती?" "होती." "हे मी ऐकलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आता त्याचं नाव आणि पत्ता सांगा. परवाना दिलाय, तो परत तपासताही येतो. तिच्याशी बोलायला आमची एक बाई पाठवते, तो घरी नसताना." मी सांगितलं. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी विक्रीचा खुलासा देऊ नका. मी वर काय ते बघते." मग मी खुर्चीची गादी झटकली, कुलूप लावलं आणि दुपारी दुकानात झोपायची तुमची पद्धत पहिल्यांदाच पाळली. झोप लागली नाही, पण पडून राहिले.

हे पत्र दुकानात ठेवता येणार नाही, तपासणीला आले तर याचाही खुलासा मागतील. घरीही ठेवता येणार नाही, कारण आईला मी सांगितलंय की मी त्याला तोंडावर, चष्मा पुसत, "देणार नाही" म्हणाले. मला चष्मा नाही हे तिच्या लक्षात आलं नाही. तिचा चेहरा इतका उजळला की मला पुढे खरं सांगवेना. आज रविवार, आम्ही दोघी सकाळी विहारात गेलो होतो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होते. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, गैरवर्तन करणार नाही, इथपर्यंत माझा आवाज आईपेक्षा मोठा होता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे मला खोकला आला, आणि आईने तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली मला दिली.